मोटोस्कॅन आणि ओबीडीलिंक एलएक्स: नागपुरात घरच्या पार्किंगमध्ये जीएसचं कोडिंग, माझा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, बीएमडब्ल्यूची मोठी बाईक असेल, राहणं नागपूर-अमरावती-चंद्रपूर पट्ट्यात असेल आणि गाडीवर नंतर काही ना काही बसवायचं डोक्यात असेल तर ही जोडी घ्या. मोटोस्कॅन हे बीएमडब्ल्यू बाईकच्या आतली इलेक्ट्रॉनिक सेटिंग वाचणारं-बदलणारं फोनमधलं ॲप आणि ओबीडीलिंक एलएक्स हा ते ॲप गाडीला जोडणारा ब्लूटूथ अडॅप्टर. दोन्ही मी स्वतःच्या पैशानं घेतलेत, माझ्या बीएमडब्ल्यू एफ ८५० जीएसवर वापरले, ग्रुपमधल्या दोस्तांच्या गाड्यांवर पण वापरले, आणि आता मनापासून वाटतं की हे गाडीसोबतच घ्यायला हवं होतं असं कोणाला नंतर वाटू नये, म्हणून एवढं सविस्तर लिहून राहिलो.

आता ज्यांना हा सगळा प्रकारच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं. पूर्वी फॉग लाईट लावायचे म्हणजे काय, बॅटरीवरून एक वायर, एक रिले, एक फ्यूज, हँडलवर एक बटण, झालं काम, अर्ध्या तासात. अजूनही बुलेटवर, स्प्लेंडरवर असंच होतं. पण ह्या नव्या गाड्यांमध्ये बटण आणि दिव्याच्या मध्ये थेट वायरच नसते. बटण दाबलं की एक मेसेज कॅन बसवर जातो (बॉशनं १९८६ मध्ये आणलेली दोन वायरींची सिस्टम, आधी कारमध्ये आली, मग बाईकमध्ये), तो मेसेज कंट्रोल युनिट (गाडीतला छोटा कॉम्प्युटर) वाचतं, आणि मग ते ठरवतं की दिव्याला करंट द्यायचा की नाही. म्हणजे दिवा ओरिजिनल आहे, प्लग बरोबर जागी बसलाय, वायरिंगमध्ये काही खोट नाही, तरीसुद्धा कंट्रोल युनिटच्या मेमरीमध्ये 'ह्या गाडीला एक्स्ट्रा हेडलाईट आहेत' अशी नोंद नसेल तर दिवा लागत नाही. ती नोंद करणं म्हणजे कोडिंग. बस एवढंच आहे ते, जादू नाही.

माझ्या गाडीवर एलईडीचे एक्स्ट्रा दिवे नव्हते. ओरिजिनल किट मिळालं, आमच्या सक्करदऱ्याकडच्या इलेक्ट्रिशियन भाऊनं इतकं सुंदर फिटिंग केलं की कुठं एक वायर कापली नाही, टेप नाही लावली, आणि शेवटी इग्निशन चालू करून बटण दाबलं तर काहीच नाही. त्यानं मीटर लावून सगळं तपासलं आणि म्हणाला, "वायरी तं बरोबर हायेत भाऊ, पण गाडी मानूनच नाही राहिली." एका वाक्यात सगळं आलं त्याच्या.

अशा वेळी दोन रस्ते असतात. एक म्हणजे शोरूममध्ये जाऊन कंपनीच्या सिस्टमवरून कोडिंग करून घेणं. त्यात वाईट काही नाही, गाडी वॉरंटीत असेल तर मी तोच रस्ता घ्या म्हणेन, कारण तिथं होणारं काम गाडीच्या अधिकृत रेकॉर्डला लागतं (ह्याबद्दल खाली लिहितो, महत्त्वाचं आहे). पण वॉरंटी संपलेली गाडी, सेकंडहँडमध्ये घेतलेली ॲक्सेसरी, आणि छोट्याशा कामासाठी गाडी घेऊन जा, अपॉइंटमेंट घ्या, ठेवून या. दुसरा रस्ता म्हणजे स्वतःचं टूल.

आता अडॅप्टरबद्दल, कारण इथंच बहुतेक लोक पैसे वाचवायला जातात. बाजारात पाचशे-सातशे रुपयांत निळे, पारदर्शक, अंगठ्याएवढे ब्लूटूथ अडॅप्टर मिळतात, सगळ्यांवर ईएलएम ३२७ लिहिलेलं असतं. ईएलएम ३२७ ही खरी चिप कॅनडाच्या एका छोट्या कंपनीची होती, पण हे स्वस्तातले बहुतेक सगळे तिची नक्कल आहेत आणि मूळ चिपला येणाऱ्या सगळ्या कमांड त्यांना येतातच असं नाही. कारचा इंजिन लाईटचा कोड वाचायला चालून जातील. पण कोडिंगमध्ये लांब लांब मेसेज एकामागून एक तुकड्यांत जातात, आणि मध्येच एक तुकडा हरवला तर वाचताना फार तर एरर येईल, लिहिताना मात्र कंट्रोल युनिट अर्धवट अवस्थेत राहू शकतं. दोस्ताकडचा असाच एक नाव नसलेला अडॅप्टर आधी लावून पाहिला होता, नुसतं स्कॅन करताना दर दोन मिनिटांनी कनेक्शन तुटायचं, लिहायचं तर नावच काढलं नाही. ओबीडीलिंक एलएक्समध्ये त्या कंपनीची स्वतःची एसटीएन चिप आहे, मेसेजचा बफर (मेसेज तात्पुरते साठवायची जागा) मोठा आहे, आणि पेअर करायला अडॅप्टरवरचं बटण प्रत्यक्ष दाबावं लागतं, म्हणजे पार्किंगमध्ये शेजारचा कोणी फोनवरून तुमच्या गाडीत घुसू शकत नाही. हे मला फार आवडलं.

आयफोनवाल्यांनी मात्र लक्ष द्या, एलएक्स हा ॲन्ड्रॉइड आणि विंडोजसाठी आहे. आयफोनला चालणारा पाहिजे तर त्याच कंपनीचा एमएक्स प्लस बघावा लागतो, तो महाग आहे. माझं मत विचाराल तर घरात पडलेला जुना ॲन्ड्रॉइड फोन फक्त ह्याच कामाला ठेवा, त्यात सिम पण नको.

अडॅप्टर गाडीत जिथं लावायचा त्या सॉकेटचं पण बघून घ्या. जुन्या बीएमडब्ल्यूला गोल १० पिनचं सॉकेट यायचं, त्याला वेगळी कन्व्हर्टर केबल लागते. नंतरच्या गाड्यांना कारसारखंच १६ पिनचं आलं, माझ्या गाडीला सीटखाली तेच आहे, अडॅप्टर सरळ बसतो. आणि ज्यांच्याकडे केटीएम वगैरे आहे त्यांच्या गाडीत लाल रंगाचं ६ पिनचं सॉकेट असेल, युरो ५ ह्या धुराच्या नियमांसोबत ते सगळीकडे पसरलं, त्याची ६ ते १६ पिन केबल ऑनलाइन सहज मिळते. पण केबल बसली म्हणजे ॲप चाललं असं नाही हं, मोटोस्कॅन फक्त बीएमडब्ल्यूचं आहे.

आता ॲप. मोटोस्कॅन जर्मनीतलं आहे, लायसन्सच्या पातळ्या आहेत, खालच्या पातळीवर फॉल्ट वाचणं-पुसणं, वर गेलं की सर्व्हिस रिमाइंडर रिसेट वगैरे, आणि कोडिंग सगळ्यात वरच्या अल्टिमेट लायसन्समध्ये. घेताना हे नीट वाचा, खालचं लायसन्स घेऊन 'कोडिंग दिसत नाही' म्हणणारे ग्रुपवर बरेच असतात.

पहिल्यांदा जोडलं तेव्हा खरं सांगू, दिवे बाजूलाच राहिले, मी नुसतं बघतच बसलो. इंजिनचं युनिट, एबीएसचं, डॅशबोर्डचं, बॉडीचं, प्रत्येकाचं नाव, सॉफ्टवेअरचा नंबर, कुठल्या युनिटमध्ये कुठला जुना फॉल्ट पडून आहे, तो किती किलोमीटरला आला होता. आपली गाडी आपल्याला आतून दिसते हो. इतकी वर्षं गाडी चालवून राहिलो, साखळी-टायर-ऑइल सगळं हातानं करतो, पण हा भाग कायम बंद दाराआड होता. एवढ्या एका गोष्टीसाठी मी ह्या ॲपला पैसे दिले असते.

कोडिंगच्या आधी दोन कामं, ह्यात आळस करू नका. पहिलं बॅकअप. ॲप जे आहे ते कोडिंग जसंच्या तसं सेव्ह करून देतं, ते फोनमध्ये ठेवा आणि ईमेलवर पण टाकून ठेवा. दुसरं बॅटरी. इग्निशन चालू, इंजिन बंद अशा अवस्थेत हे काम होतं, म्हणजे टीएफटी (डॅशची स्क्रीन), हेडलाईट, सगळी युनिटं बॅटरी खात असतात, आणि लिहिता लिहिता व्होल्टेज पडलं तर नसता ताप. मी बॅटरीला चार्जर लावूनच करतो. फोनला एअरप्लेन मोड, मग फक्त ब्लूटूथ चालू, नाहीतर बरोबर नको त्या क्षणाला फोन येतो. आणि आपल्या नागपुरात एप्रिल-मेमध्ये हे काम सकाळी सहा-सातलाच उरका. पंचेचाळीसच्या वर पारा असताना पत्र्याच्या शेडखाली फोन तापून स्वतःच बंद पडतो, लिहिणं चालू असताना ते परवडणारं नाही.

बाकी काम सोपं आहे. बॉडीच्या युनिटमध्ये जायचं, एक्स्ट्रा हेडलाईटची ओळ शोधायची, 'नाही'चं 'आहे' करायचं, लिहायचं. मग इग्निशन बंद करून निवांत बसायचं, कारण चावी बंद केली तरी युनिटं थोडा वेळ जागीच असतात, ती पूर्ण झोपली की मग परत चालू करायचं. बटण दाबलं, दिवे लागले, स्क्रीनवर त्यांची खूण पण आली. इलेक्ट्रिशियन भाऊला व्हिडिओ पाठवला तर त्याचा लगेच फोन, "मले बी दाखव कसं केलं ते." त्याला दाखवलं, आणि तोच माणूस आता असल्या गाड्या आल्या की कटर हातात घ्यायच्या आधी मला विचारतो, ह्याचं मला फार समाधान आहे.

एक गोष्ट किट घेण्याआधीच तपासा, तुमच्या हँडलच्या स्विचवर त्या ॲक्सेसरीचं बटण आधीपासून आहे का. मॉडेलनुसार फरक आहे, काही गाड्यांना पूर्ण स्विच ब्लॉकच बदलावा लागतो आणि तो स्वस्त नसतो. ग्रिप हीटरचं, क्रूझ कंट्रोलचं पण तेच. पार्ट नंबर गाडीच्या व्हीआयएनवरून (चेसिस नंबरवरून) काढा, 'सेम मॉडेल आहे, बसून जाईन' ह्यावर जाऊ नका.

दिव्यांचा उपयोग होतो का? चिखलदऱ्याला पावसाळ्यात गेलेल्यांना सांगायला नको. परतवाड्याच्या पुढे घाट लागला की ढग रस्त्यावर उतरलेले असतात, आणि हाय बीम मारला तर समोर पांढरी भिंत उभी राहते. खाली बसवलेला, रस्त्याच्या कडेला पसरणारा दिवा तिथं खरा कामाला येतो. पेंचकडे जाणारा ४४ नंबरचा हायवे तर रात्री वेगळाच प्रकार आहे, जनावरांसाठी खाली अंडरपास काढलेत, पण आजूबाजूच्या छोट्या रस्त्यांवर नीलगाय, रानडुक्कर कुठूनही येतं. शहरात मात्र बंद ठेवा, वर्धा रोडवर समोरच्याच्या डोळ्यात एलईडी मारत फिरणारे पाहिले की माझं डोकं फिरतं. आणि बाहेरचे पन्नास वॅटचे वाट्टेल ते दिवे लावणार असाल तर मोटार वाहन कायद्याचं ५२ कलम पण एकदा वाचा, गाडीत फेरफार कुठवर चालतो ते त्यात आहे.

बाहेरच्या दिव्यांवरून आठवलं. ज्यांना ओरिजिनल किट नकोय त्यांना कोडिंगची गरज नाही, बॅटरीवरून रिले-फ्यूज टाकून वेगळं बटण घ्या, स्वच्छ काम होतं. फक्त पार्किंग लाईटच्या किंवा गाडीच्या चार्जिंग सॉकेटच्या वायरीला टॅप मारू नका. ह्या गाड्यांमध्ये बहुतेक सर्किटना जुन्यासारखे फ्यूज नसतात, कंट्रोल युनिटच करंट मोजतं आणि जास्त वाटला की ती लाईन बंद करून टाकतं. मग 'पार्किंग लाईट गेला' म्हणून डॅशवर वॉर्निंगचा त्रिकोण येतो आणि लोक बल्ब बदलत बसतात. आणखी एक पर्याय हेक्स इझीकॅन. हा छोटा डबा कॅन बसवर नुसतं ऐकत बसतो आणि गाडीच्याच बटणांवरून बाहेरचे दिवे, हॉर्न चालवतो, ब्राइटनेस कमी-जास्त करतो, गाडीच्या कोडिंगला हात लावत नाही. वॉरंटीतल्या गाडीला मला तो जास्त बरा वाटतो.

त्याच हेक्स कंपनीचं, दक्षिण आफ्रिकेतलं, जीएस ९११ हे मोटोस्कॅनसारखंच काम करणारं टूल आमच्या ग्रुपमध्ये एकाकडे आहे, त्यामुळे तुलना करता आली. बांधणी, भरवसा, एबीएसची एअर काढायच्या टेस्ट, ह्यात जीएस ९११ सरस आहे, ह्यात मला शंका नाही, जगभरची स्वतंत्र गॅरेजं ते उगाच नाही वापरत. पण किंमत मोटोस्कॅनच्या जोडीच्या दुपटीहून जास्त, साध्या व्हर्जनला १० व्हीआयएनची मर्यादा, आणि सगळी फंक्शन पाहिजे असतील तर फोन पुरत नाही, लॅपटॉप लागतो. गॅरेज चालवत असाल तर तेच घ्या. एकट्या मालकाला, ज्याला मुख्यतः ॲक्सेसरी चालू करायच्या आणि फॉल्ट वाचायचे आहेत, त्याला मोटोस्कॅन पुरेसं आहे.

टायर प्रेशरच्या सेन्सरचं काम आम्ही त्या जीएस ९११ वरच केलं. चाकातल्या सेन्सरची बॅटरी सीलबंद असते, संपली की सेन्सरच बदलायचा, आणि नव्या सेन्सरचा आयडी गाडीला टूलनं शिकवावा लागतो. शिकवल्यावर लगेच आकडा दिसत नाही म्हणून घाबरू नका, ३० च्या वर स्पीड गेल्याशिवाय सेन्सर सिग्नलच देत नाही. पण त्याहून महत्त्वाचं, आणि आपल्या नागपूरकरांसाठी तर फारच: बीएमडब्ल्यूच्या स्क्रीनवर दिसणारं प्रेशर हे २० डिग्रीला किती असेल ते हिशेब करून दाखवलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पहाटेसुद्धा टायरमधली हवा ३०-३५ डिग्रीवर असते. म्हणजे मागच्या टायरचं २.९ बार, ४२ पीएसआय, पाहिजे असेल तर ३५ डिग्रीला पंपावरच्या गेजनं साधारण ४५ दाखवायला हवं. दुपारी टायर ५५ डिग्रीपर्यंत तापला तर तोच टायर गेजवर ४८-४९ दाखवतो, स्क्रीनवर मात्र ४२ च. हे माहीत नसलेला माणूस पेट्रोल पंपावर 'हवा जास्त झाली' म्हणून सहा-सात पीएसआय काढून टाकतो, आणि मग गाडी खरंच कमी हवेवर, तापलेल्या डांबरावर, सामानासकट पळते. ॲक्सेसरी चालू झाली म्हणजे काम संपलं नाही, तिचा आकडा कसा वाचायचा हे पण समजून घ्यावं लागतं. सगळ्या कंपन्या असा हिशेब करत नाहीत, म्हणून तुमच्या गाडीचं मॅन्युअल उघडून बघाच.

ट्रायम्फवाल्या दोस्तांचं पण विचारून राहिले बरेच जण. तिथं ह्याच कामाच्या टूलची ट्यूनईसीयू आणि डीलरटूल ही दोन नावं चालतात. आमच्या एकाची टायगर ९०० आहे, त्यानं डीलरटूल विंडोज लॅपटॉपवर टाकलंय, टायर सेन्सर डॅशमध्ये चालू करणं, आयडी टाकणं हे त्याच्यावरच केलं. ट्रायम्फमध्ये सेन्सरचा आयडी सेन्सरवरच्या लेबलवर असतो, म्हणून टायर बसवायच्या आधी फोटो काढून ठेवा, नाहीतर परत टायर खोला. केटीएमचा वेगळाच धंदा आहे, ८९० ॲडव्हेंचरसारख्या गाड्यांत पहिले १५०० किलोमीटर ऑप्शनल इलेक्ट्रॉनिक फीचर डेमो म्हणून उघडी असतात, मग बंद होतात आणि पैसे भरून शोरूममधून कायमची चालू करून घ्यायची. कंपनीनं विकायला ठेवलेलं असं फीचर कुठल्याशा फाईलनं फुकट उघडायच्या भानगडीत मी पडत नाही आणि कोणाला करून पण देत नाही. विकत घेतलेली वस्तू गाडीला ओळखायला लावणं वेगळं.

आता ते रेकॉर्डचं. बीएमडब्ल्यूमध्ये प्रत्येक गाडीची एक व्हेइकल ऑर्डर असते, फॅक्टरीतून काय काय बसवून आली त्याची यादी. शोरूमची सिस्टम सॉफ्टवेअर अपडेट करते तेव्हा त्या यादीप्रमाणे सगळी युनिटं परत कोड करते. तुम्ही घरी बसून फक्त युनिटमध्ये बदल केला असेल आणि यादीत तो नसेल, तर अपडेटनंतर तुमचे दिवे गप्प. बिघाड झाला समजून कोणावर भांडायला जाऊ नका. गाडी सर्व्हिसला देतानाच सांगून ठेवा की अमुक ॲक्सेसरी नंतर बसवली आहे, जमल्यास यादीतच घालून घ्या. नाहीच झालं तर घरी येऊन परत कोड करा, बॅकअप आहेच.

न आवडलेलं पण लिहितो. मोटोस्कॅनमध्ये काही कोडिंगच्या ओळींची नावं जर्मन शॉर्टफॉर्ममध्ये आहेत, कुठली ओळ काय करते ह्याचं दोन वाक्यांचं वर्णन असायला हवं होतं. ज्या ओळीचा अर्थ कळत नाही तिला मी हात लावत नाही, तुम्ही पण लावू नका, विशेषतः एबीएस आणि इंजिनच्या युनिटमध्ये. आणि पैसे युरोत जातात, अडॅप्टर बाहेरून मागवला तर कस्टम ड्युटी वेगळी, तो हिशेब आधी करून घ्या. तीन-चार जणांनी मिळून अडॅप्टर घेतला तर सगळ्यात बरं, लायसन्स ज्याचं त्याचं घ्या.

शेवटचं, काम झालं की अडॅप्टर काढून घ्या. एलएक्स स्वतः झोपतो, बॅटरी फार खात नाही, पण सीटखाली तो कायम लावून ठेवला तर पावसाळ्यात सॉकेटचं झाकण उघडं राहतं, आणि पिनवर एकदा हिरवा थर चढला की मग कुठलंच टूल बोलत नाही. झाकण परत घट्ट बसवा, थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस (करंट न वाहणारं, पाणी अडवणारं) रबरच्या कडेला, आणि अडॅप्टर घरात कोरड्या डब्यात.